विश्रांतीचा खड्डा

१

विष्णुपंत खड्ड्यात उतरले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. त्यांचा पाय टेकला आणि टाळ्या बंद झाल्या. पंत गुडघ्यापर्यंत आत रुतले होते, आणि ज्यात रुतले होते ते सोनखत नव्हतं.

"निवेदिता," ते खालून म्हणाले, "हा ओला आहे गं."

ते मला दिसतच होतं. वासही येत होता. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी उपरणी नाकाला लावली होती आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी मोबाईल वर धरले होते.

खरं म्हणजे तिथून सोनखत, म्हणजे कोरडी, काळी, भुसभुशीत माती निघायला हवी होती. दोन खड्ड्यांच्या संडासाचं गणित साधं असतं. पहिला खड्डा भरला की त्याचं तोंड विटेनं बंद करायचं आणि मैला दुसऱ्यात सोडायचा. भरलेल्या खड्ड्यानं वर्ष-दीड वर्ष नुसती विश्रांती घ्यायची. तेवढ्यात आतल्या मैल्याची माती होते, वास जातो, जंतू मरतात, आणि घरचाच माणूस ती फावड्यानं काढून शेतात टाकतो. दुसऱ्या कुणाला खाली उतरवून घाण उपसायला लावायची वेळ येत नाही. या एका गोष्टीपायी पंतांनी सरकारी नोकरी सोडली, संस्था काढली आणि नगर जिल्ह्यात गावोगाव खड्डे काढत फिरले. खड्डा उघडायच्या दिवशी ते स्वतः उतरतात, माती ओंजळीत घेऊन लोकांच्या नाकाशी नेतात. सत्तरी गाठली तरी हे काम ते दुसऱ्याला देत नाहीत.

मी त्यांच्याकडे कशी आले? पाण्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं, निवृत्त झाले, सावेडीच्या घरात बसून चिडचिड करत होते, तर पंतांनी धरून आणलं. माझा स्वभाव तिरसट आहे. हे मला माहीत आहे, सांगण्याचे कष्ट कुणी घेऊ नयेत.

तर गाव धामणझरे, राहुरीच्या पुढे, मुळा कॅनॉलच्या कडेला. घर गहिनीनाथरावांचं. पन्नाशीचा कर्ता शेतकरी, आवाज सगळ्या आळीला पुरेल असा. त्यांच्या अंगणातला संडास म्हणजे गावातला पहिला, मागाहून आणखी काही घरांनी बांधले. आज सोनखत निघालं असतं, तर उद्या ग्रामसभेत कॅनॉलकडेच्या वस्तीलाही असेच संडास मंजूर होणार होते. वस्तीतल्या बायका अजून कॅनॉलच्या भरावावर जातात, ट्रकचे दिवे आले की उठून उभ्या राहतात. ते संडास बांधणार होता बन्सी गवंडी. तो त्याच वस्तीतला. गहिनीनाथांचा संडासही त्यानंच बांधलेला.

पंतांना आम्ही ओढून वर काढलं. गाव हसत होतं. गहिनीनाथ मात्र लालबुंद झाले होते.

"बन्सीला फुडं काढा!" ते गरजले. "शिमिट खाल्लं ह्यानं! मधली भिंत झिरपतीया, म्हनून हा खड्डा वला. उद्या ग्रामसभंत नाव घालवतो तुजं. कुनाच्या दारात थापी धरू देनार न्हाई. अन् वस्तीचं संडास गेलं कॅनॉलात!"

बन्सीनं हात जोडले. "चुकलं आसंल मालक माजं."

मला तिथेच खटकलं. ज्यानं सिमेंट खाल्लं असेल तो माणूस भांडतो, शपथा घेतो, सासऱ्याला मध्ये आणतो. हा नुसता मान खाली घालून उभा.

मैला ज्यातून एका किंवा दुसऱ्या खड्ड्याकडे वळवतात त्या मधल्या चेंबरकडे मी गेले, झाकण सरकवलं आणि वाकून पाहिलं. आत दोन तोंडं. एकावर वीट बसवलेली, विश्रांतीच्या खड्ड्याच्या तोंडावर, अगदी जिथे असायला हवी तिथेच. पण एकदा बसवलेल्या विटेचे कोपरे असे गुळगुळीत होत नाहीत. आणि दुसऱ्या, उघड्या तोंडाच्या कडेलाही विटेच्या मापाचा चिखलाचा चौकोन होता.

ती वीट कुणीतरी फिरवत होतं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

२

पंतांनी गोठ्यातल्या नळाखाली आंघोळ केली आणि गहिनीनाथांचं धोतर गुंडाळून ओसरीवर बसले. इतकं केविलवाणं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"माझंच चुकलं असणार," ते म्हणाले. "दुसरा खड्डा घराच्या भिंतीला लागून घेतला ना मी. पलीकडे खडक लागला होता. तेव्हाच मन खात होतं."

"भिंतीला लागून असला म्हणून शेजारचा खड्डा ओला होत नाही, पंत. कुठली भिंत ती?"

"देवघराची. गहिनीनाथांना विचारलं होतं मी. ते म्हणाले, काढा."

आतून चहा आला. आणला गहिनीनाथांच्या धाकट्या मुलीनं, संस्कृतीनं. आठवीतली पोर, दोन वेण्या, राहुरीच्या शाळेत एसटीनं जाते. चहा आणला म्हणजे काय, तिच्या वहिनीनं दारातून ताटली दिली ती तिनं ओसरीच्या कठड्यावर ठेवली आणि लगेच बाहेर मोरीवर भांडी घासायला बसली. पांढऱ्या पावडरीनं घसाघसा घासत होती.

"लई कामाची हाय," गहिनीनाथ जरा निवळले होते. "शाळंचं बी लई याड. मी म्हनतो, शिक शहानी होस्तवर. एकदा शहानी झाली की शाळा बास, मग हायतीच भांडी!" आणि स्वतःच खो खो हसले.

पोरीनं मान वर केली नाही. मलाही त्या विनोदात काही दम वाटला नाही, पण मी तेव्हा दुसऱ्याच विचारात होते.

माझा पहिला संशय होता कल्याणवर. हा गावातला दुकानदार, प्लास्टिकच्या तयार टाक्या विकतो. दोन खड्ड्यांचा संडास फसला की याची चांदी. दुपारी त्याच्या दुकानात गेले, तर तो मोबाईलवर पंतांचाच व्हिडिओ बघत होता.

"पुसून टाक तो," मी म्हटलं.

"म्याडम, गावभर झालाय. माझ्या एकट्याचा पुसून काय हुतंय?" पण पुसला त्यानं, आणि मग पडेल आवाजात म्हणाला, "खरं सांगू का? फसावं असं मला वाटत हुतं. काल मारुतीला नारळ बी बोललो हुतो. आता पंतांना तसं बगून माजीच लाज वाटतीया. पन मी हात न्हाई लावला. त्या अंगनात कुत्रं हाय. परका मानूस फाटकाला हात लावू शकत न्हाई, तुमी इचारा कुनाला बी."

कुत्रं होतं खरं. सकाळी माझी चप्पल त्यानंच पळवली होती. शिवाय चेंबर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. एखाद्यानं एकदा डाव साधावा, पण पुन्हा पुन्हा येऊन वीट फिरवायची म्हणजे तो घरातला हवा, किंवा घरचा विश्वासाचा.

विश्वासाचा माणूस बन्सी होता. त्याला मी कॅनॉलच्या भरावावर गाठलं.

"बन्सी, चेंबरचं झाकण सिमेंटनं का नाही बसवलंस? नुसता चिखल लावलेला आहे."

तो पायानं भरावाची माती उकरत राहिला.

"अरे, पंतांनी सिमेंट सांगितलं होतं. तू चिखल लावलास म्हणून कुणालाही झाकण उघडता आलं. हे मी उद्या सांगितलं तर तू मेलास. आणि नाही सांगितलं तर मी खोटी. बोल ना बाबा!"

"सांगा म्याडम तुमी," तो म्हणाला. "माजं चुकलंच की. चिखूल मीच लावला."

"पण का?"

"माजी बायकू दुखण्यात हुती पावसाळ्यात. भरावावर चढवत नव्हतं तिला. तवा त्या घरातल्या माउलीनं तिला आपला संडास उघडून दिला. वस्तीतल्या बाईला, सोताच्या अंगनात. त्या माउलीचं नाव मी ग्रामसभंत घिऊ व्हय? मी न्हाई घ्यायचो. मला गाव सोडाय लागलं तरी बी न्हाई."

नाव त्यानं घेतलं नाही, पण सांगायचं राहिलंही नाही. झाकणाला सिमेंट लावू नको असं त्याला घरातल्या बाईनं सांगितलं होतं. छबूबाईंनी, म्हणजे गहिनीनाथांच्या बायकोनं.

३

छबूबाईंना विचारण्याआधी मला खड्ड्यालाच विचारायचं होतं. खड्डा खोटं बोलत नाही, आणि त्याला नवऱ्याची भीतीही नसते.

पाण्याच्या पाईपचा एक तुकडा घेतला, बन्सीला बरोबर घेतलं आणि त्या खड्ड्यात पाईप सरळ खाली दाबला. वर ओढून तो करवतीनं उभा चिरला. कलिंगडाची फोड करावी तसा आतला माल उघडा पडला. पंत नाकाला रुमाल लावून शेजारी उकिडवे बसले.

तळाला काळी, कोरडी, सुंदर माती होती. पंतांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बघ, झालं होतं गं! सोनखत झालं होतं!"

"थांबा पंत, रडू नका. हे बघा. तळ कोरडा आहे. भिंत झिरपत असती तर आधी तळ ओला झाला असता. ओल वरून आली आहे, तोंडातून. म्हणजे बन्सीची भिंत पक्की आहे."

बन्सीनं तळाची माती बोटानं दोनदा दाबून पाहिली. सकाळपासून तो स्वतःलाच चोर समजत होता बहुतेक.

"पण वीट कुणी फिरवली हे कळल्याशिवाय गहिनीनाथ ऐकायचे नाहीत," पंत म्हणाले. "झाकण चिखलाचं निघालं की ते म्हणतील, यानंच फिरवली."

बरोबर होतं त्यांचं. मी पुन्हा वाकले. काळ्या मातीवर ओल्या मैल्याचा थर, त्यावर करड्या राखेची बारीक रेघ. पुन्हा थर, पुन्हा रेघ. असं बऱ्याचदा. मग मध्येच एक सुकलेला, भेगाळलेला पट्टा. त्या काळात आत काहीच पडलं नव्हतं, खड्ड्याला खरीखुरी विश्रांती मिळाली होती. आणि त्या पट्ट्यावर पुन्हा ओले थर सुरू. मात्र या वरच्या थरांमधल्या रेघा करड्या नव्हत्या. त्या पांढऱ्या होत्या, खरखरीत, आणि त्यात निळे दाणे चमकत होते.

"राख कशी येईल इथे?" पंतांनी विचारलं.

"कुणीतरी चेंबर घासतं, पंत. थोडे दिवस मैला इकडे सोडायचा, मग चेंबर राखेनं घासून धुवायचं, ती राख इथे वाहून येते, आणि वीट पुन्हा जागेवर. मग काही दिवस शांत. मग पुन्हा तेच."

"पण काही दिवसच का? आणि राखेनं घासायचं का?"

उत्तर मला कळलं होतं. लाजेनं माझे कान तापले होते. या गावात आम्ही किती शिबिरं घेतली! हात कसे धुवायचे ते दाखवलं, माठात हात बुडवू नका म्हणून घरोघर लांब दांड्याची ओगराळी वाटली. आणि जी गोष्ट मी बाई असून पहिल्या दिवशी विचारायला हवी होती, ती मी विचारलीच नव्हती.

४

छबूबाई परसात तूर पाखडत होत्या. सून रेश्मा जवळच भिंतीला टेकून बसली होती. सातवा महिना, पाय सुजलेले. मुलगा करण शुगर फॅक्टरीत पाळीवर गेलेला.

"छबूबाई," मी सरळ विचारलं, "घरातली बाई बाहेर बसली की चार दिवस वीट फिरवता ना तुम्ही?"

सूप थांबलं. रेश्मानं डोळे मिटून घेतले.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. राखेनं सांगितलं. विटाळशीची भांडी राखेनंच घासायची पद्धत ना? आमच्याही घरी होती, आमच्या आजीच्या वेळेपर्यंत."

छबूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "आता काय लपवू ताई? नवा खड्डा देवघराच्या भितीला. वर माजे देव बसल्यात, अन् खालनं इटाळाचं जानार? मला घास गिळंना. ह्यांना कसं सांगायचं, बायकांचं आसलं? मंग रेश्माला म्हनलं, चार दिवस तेवढं पल्याडच्या खड्ड्यात जाऊ दे. बाकी म्हैनाभर त्यो इश्रांतीच घेतोय की! उपासाला शेंगदान्याचा लाडू खाल्ला तर उपास मोडतो व्हय?"

"खड्ड्याचा मोडतो," मी म्हटलं. "नवं पडलं की विश्रांती पहिल्यापासून मोजायची."

"हे कुनी सांगितलं आमाला?"

कुणीच नाही. आम्ही गहिनीनाथांना सांगितलं होतं.

"माज्यामुळं झालं मंग सगळं," छबूबाईंनी पदर तोंडाला लावला. "त्या म्हाताऱ्या मानसाची आब्रू गेली. अन् त्या बन्सीनं माजं नाव बी घेतलं न्हाई."

"नाही आत्या, मीच केलं," रेश्मा रडू लागली. "वीट मीच फिरवायची. राख तुम्ही काढून द्यायच्या, पण घासायची मीच."

दोघींमध्ये गुन्ह्याची ओढाताण लागली. सकाळपासून हेच चाललं होतं. पंत म्हणे मी, बन्सी म्हणे मी, कल्याणसुद्धा नारळापायी स्वतःला कोसत होता. आणि गंमत म्हणजे ज्या माणसानं दुसऱ्यावर बोट ठेवलं होतं, त्याला तेवढं काही वाटत नव्हतं.

कोडं सुटलं, असं मला वाटलं. उठले, आणि माझी नजर रेश्माच्या पोटावर गेली.

तो सुकलेला पट्टा! तिला दिवस गेले तेव्हा विटेचं काम थांबलं, खड्डा सुकला. बरोबर. पण त्या पट्ट्याच्या वर ओले थर होते. ताजे. पंत ज्यात रुतले ते तर ह्या महिन्या-दीड महिन्यातलंच होतं.

"रेश्मा, तुला दिवस गेल्यापासून वीट फिरवलीस?"

"नाही हो. कशाला फिरवीन?"

छबूबाईंची पाळी जाऊन काळ लोटला होता. मग या घरात आणखी कोण होतं?

बाहेर मोरीवर भांडी वाजत होती.

५

पांढऱ्या पावडरीत निळे दाणे होते. मी संस्कृतीशेजारी दगडावर बसले.

"घरात सगळे राखेनं घासतात भांडी?"

"आईला राखच लागती. मला पावडर बरी."

"राख चुलीत असते," मी म्हटलं. "चुलीजवळ जायचं नाही अशी वेळ आली तर ती मागून घ्यावी लागते. मागितली की आई विचारणार, कशाला? पावडर मात्र इथे मोरीवरच असते."

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. अशा वेळी बघू नये.

"कुणी सांगितलं नव्हतं मला," ती अगदी हळू बोलली. "वहिनी करायची ते बगितलं हुतं. देवाच्या भिंतीखालनं गेलं की देव कोपतो, असं आई वहिनीला म्हनली हुती. मंग मला आलं तवा मी बी तसंच केलं. वीट लई जड हुती."

"आणि आईला का नाही सांगितलंस?"

"आबा म्हनत्यात ना, शहानी झाली की शाळा बास." ओसरीवरच्या विनोदातली 'शहाणी' म्हणजे ही, पाळी आलेली. एवढं बोलून ती हमसाहमशी रडायला लागली. "पॅड शाळेत देत्यात. कुनाला कळत नव्हतं. मी चुलीपाशी बी जात नव्हते, देवापाशी बी न्हाई, मला वाटलं तेवढं पाळलं की झालं. मला काय म्हाईत पंतआजोबा पडतील म्हनून? आता बन्सीकाकाला गावातनं काढनार. मी उद्या सगळ्यांसमोर सांगते. सांगू का? मंग शाळा जाईल ना माजी?"

जिभेनं मी आयुष्यात बऱ्याच जणांना गार केलं आहे. इथे मात्र तिच्या हातातलं पातेलं घेऊन मी ते घासायला लागले. एवढीशी पोर. कुणी बाहेर बसवलं नाही तर स्वतःच स्वतःला बाहेर बसवून घेतलं होतं, आणि वर गावाचं पाप डोक्यावर घेऊन बसली होती.

"तू काही सांगायचं नाहीस," मी शेवटी म्हटलं. "आणि बन्सीलाही काही होऊ द्यायचं नाही. दोन्ही कसं जमवायचं ते मी बघते."

बोलून तर गेले. कसं जमवायचं ते मात्र मला ठाऊक नव्हतं. त्यात मागे पावलं वाजली. छबूबाई दारात उभ्या होत्या, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

६

ग्रामसभा मारुतीच्या मंडपात भरली. एरवी पुरुषच येतात, पण पंतांच्या व्हिडिओनं गाव जमवलं होतं. बायका मागे, संस्कृती त्यांच्यात, खांबाला धरून.

मी पाईपची चिरलेली फाक टेबलावर ठेवली. पुढची रांग मागे सरकली. "तळ कोरडा आहे. भिंत झिरपलेली नाही. बन्सीचं काम चोख आहे. चूक आमच्या संस्थेची. खड्डा कुठे काढायचा हे आम्ही घरातल्या बायकांना विचारलं नाही."

पंत उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "चूक माझी आहे. मी गावाची माफी मागतो."

"आसं गुळमुळीत नको!" गहिनीनाथ उठले. "वीट फिरली का न्हाई? मंग कुनी फिरवली? झाकनाला चिखूल बन्सीनं लावला, ह्यो बगा, मान खाली घातली त्यानं. त्याचंच काम! न्हाईतर नाव सांगा, म्याडम. नाव सांगा, न्हाईतर ह्याला काढा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बन्सी जमिनीकडे बघत होता. आणि मागे संस्कृतीनं खांब सोडला. एक पाऊल पुढे आली पोर.

"वीट म्या फिरवली."

छबूबाई उभ्या होत्या. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला.

"तू?" गहिनीनाथांना खरंच कळेना. "तू कशापायी?"

"इटाळापायी. देवाच्या भितीखालनं जाऊ नये म्हनून. झाकनाला शिमिट नको म्हनून बन्सीला बी म्याच सांगितलं. त्यानं माजं नाव राखलं. आता मी त्याचं राखते."

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. "काकू, ह्या वयात कुठला इटाळ तुमाला?"

गहिनीनाथही हसायला गेले. "आगं, तुला तर..." म्हणाले आणि थांबले. मी त्यांचा चेहरा बघत होते. बायकोचं वय झालेलं. सुनेला सातवा महिना. त्यांची नजर हळूहळू मागे गेली, खांबापाशी, दोन वेण्यांवर. ओसरीवरचा स्वतःचा विनोद त्यांना त्याच वेळी आठवला असावा, कारण एवढा वेळ बन्सीवर रोखलेला हात त्यांनी खाली घेतला.

"इटाळ कुनाचा का आसंना," छबूबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "शिकवला म्या. अन् भ्या तुमी घातलं."

काय चाललंय ते बाकीच्या पुरुषांना नीट कळलं नाही. बायकांना कळलं.

गहिनीनाथ बन्सीसमोर गेले. "माजी जीभ लांब हाय," ते म्हणाले. "तुजं काम चोख हाय. वस्तीचं संडास तूच बांध. माजा हात वर हाय." आणि त्यांनी हात वर केला. मग कल्याणनं केला. मग बाकीच्यांनी.

सभा उठल्यावर मी फाक गोणपाटात गुंडाळत होते, तर एक बाई जवळ आली. इकडेतिकडे बघत म्हणाली, "ताई, आमच्या खड्ड्यात बी एकदा पाईप घालून बगता का?" तिच्या मागे आणखी एक उभी होती. तिच्या मागे आणखी दोघी. पंतांनी हे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा पुन्हा झाकायला मी गहिनीनाथांकडे गेले. आतून छिन्नीचा आवाज येत होता. देवघराच्या समोरच्या भिंतीत बन्सी नवा कोनाडा काढत होता, आणि गहिनीनाथ बनियनवर, अंगभर धूळ, त्याला घमेलं देत होते. जुना कोनाडा रिकामा. देव एका पितळी ताटलीत, ओल्या फडक्यावर, उंबऱ्याजवळ ठेवलेले.

"खड्डा हलत न्हाई, म्याडम," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्हनलं देव हलवावं." घमेलं बन्सीकडे सरकवून पुन्हा म्हणाले, "मी चेष्टा केल्ती वो. खरंच चेष्टा केल्ती."

"तिला कुठे ठाऊक होतं?" मी म्हटलं.

संस्कृती दप्तर घेऊन ओसरीवर उभी होती. एसटीची वेळ झाली होती. कालपासून बाप-लेक एकमेकांशी बोलले नव्हते, हे बघूनच कळत होतं.

कोनाडा झाला. बन्सीनं तो पुसला आणि बाजूला झाला.

"संस्कृती," गहिनीनाथांनी हाक मारली. "ती ताटली आन इकडं."

पोर जागची हलली नाही. "आबा, मला आज..." तिनं आईकडे बघितलं. "मला आज शिवायचं न्हाई."

छबूबाई चुलीपाशी तशाच उभ्या राहिल्या. गहिनीनाथ कोनाड्याकडे तोंड करून होते. त्यांनी न वळताच हात मागे केला.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "आन."

तिनं दप्तर खाली ठेवलं, हात स्कर्टला पुसले, ताटली उचलली आणि बापाच्या हातात दिली.